‘शेकडो’ म्हणालात, ते सात निघाले

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी शिक्षक प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. पदवी साहित्यातली, पण अध्यापनासाठी सामाजिक शास्त्रं घेतली. सध्या सराव पाठ चालू आहेत. परवा आठवीच्या वर्गावर फ्रेंच राज्यक्रांती घेतली. ‘संतापलेल्या लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडला आणि कैद्यांना मुक्त केलं’ हे मी जरा रंगवून सांगत होते, तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ‘मॅडम, आत किती कैदी होते?’ मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘शेकडो.’ तिने ते वहीत लिहून घेतलं. घरी येऊन शोधलं, तर सात! निरीक्षकांच्या शेऱ्यात याचा उल्लेखही नाही. ‘फलक लेखन सुधारावे, वर्गात गोंधळ, पाठ वेळेत पूर्ण नाही’, एवढंच आहे. मैत्रिणी म्हणतात, सोडून दे, दोन आठवड्यांनी तू त्या शाळेत नसशील. पण मला तिची ती वही डोळ्यांपुढून जात नाही. शिवाय हा एक आकडा सापडला. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र यातलं मला येत नाही असं अजून किती असेल? मी चुकीचा विषय घेतला का?
– एक छात्राध्यापिका

उत्तर :

नमस्कार.

सांगायचं की नाही, याचं उत्तर आधी देऊन टाकते. सांगायचं. पुढच्याच तासाला, सुरुवातीलाच, सगळ्या वर्गापुढे. त्या मुलीला एकटीला व्हरांड्यात गाठून हळूच सांगू नका. चूक वर्गात झाली आहे, आणि ‘शेकडो’ तिच्या एकटीच्या वहीत असेल असं समजू नका. मागच्या बाकावरचं कुणी लिहायला लागलं की पुढचे दहाजण आपोआप लिहितात.

मैत्रिणींवर माझा राग नाही. सराव पाठांच्या दिवसांत प्रत्येकीला पुढचा पाठ दिसत असतो, मागचा नाही. पण ‘दोन आठवड्यांनी तू नसशील’ हे घाई करण्याचं कारण आहे. मला ते कसं कळलं, ते सांगते. माझ्याही सराव पाठांत भूगोलाच्या तासाला भिंतीवर जगाचा मोठा नकाशा टांगला होता. एका मुलाने विचारलं, ‘बाई, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं आहे?’ मी वळून नकाशाकडे पाहिलं, दोन्ही तुकडे साधारण सारखेच दिसले, आणि म्हटलं, ‘हो, जवळपास.’ त्या पाठाच्या शेऱ्यात काय आलं असेल? ‘शैक्षणिक साधनाचा परिणामकारक वापर.’ आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरची आणि ग्रीनलंड २२ लाखांच्याही आतलं, म्हणजे १४ ग्रीनलंड आफ्रिकेत मावतात, हे मला कळलं तेव्हा ती शाळा केव्हाच सुटली होती. तो नकाशा मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली काढलेल्या पद्धतीचा होता. जहाजाची दिशा सरळ रेषेत आखता यावी म्हणून तयार केलेला, आणि त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश फुगवणारा. मुलाने नेमकं त्याच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. मी ते बोट बाजूला सारलं. त्याला शोधून सांगायची सोय आता नाही. तुम्हाला आहे.

आता तुम्ही ‘शेकडो’ का म्हणालात ते पाहू. तुम्ही खोटारड्या आहात म्हणून नव्हे. तुमच्या वाक्याला शेकडोंची गरज होती. ‘संतापलेल्या लोकांनी तुरुंग फोडला, कैद्यांना मुक्त केलं’ असं म्हटलं की डोळ्यांपुढे मोठा दरवाजा येतो, त्यातून बाहेर पडणारी माणसांची रीघ येते. त्या चित्रात सातजण शोभत नाहीत. तुम्हाला आकडा माहीत नव्हता, पण चित्र पाठ होतं, आणि उत्तर चित्राने दिलं. त्या मुलीने काय केलं? तिने चित्र मोजून मागितलं. त्या तासाला वर्गात विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न तिचा होता, असं मी न पाहता सांगू शकते. (तुमच्या पाठाच्या टाचणातल्या प्रश्नांसकट. रागावू नका, सगळ्यांच्या टाचणातले प्रश्न तसेच असतात.)

घाईचाही त्यात वाटा आहे. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं जास्त सविस्तर होतात, जास्त मुलं बोलतात. प्रशिक्षणात हे सांगतात ते मुलांना वेळ देण्यासाठी. मी म्हणते, तेच तीन सेकंद स्वतःलाही द्या. प्रश्न आला की मनात एक, दोन, तीन. एवढ्या वेळात ‘मला माहीत नाही’ हे वाक्य जिभेवर यायला पुरेशी जागा होते. फळ्याचा उजवीकडचा वरचा कोपरा रिकामा ठेवा आणि असा प्रश्न तिथे लिहा. तो तासभर तिथे राहू द्या, पुसू नका, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करा. तुमच्या फलक लेखनात सुधारणा हवी आहे ना? ही घ्या.

पुढच्या तासाला नेमकं काय करायचं तेही लिहिते, कारण ‘चूक कबूल करा’ म्हणणं सोपं आणि चाळीस चेहऱ्यांपुढे उभं राहून करणं वेगळं.

वर्गात जा, काही न बोलता फळ्यावर मोठा ७ काढा. मग सांगा : ‘परवा मी शेकडो कैदी म्हणाले. मला आकडा माहीत नव्हता, मी अंदाज ठोकला. घरी जाऊन पाहिलं. १४ जुलै १७८९ ला बॅस्टिलमध्ये सात कैदी होते. वहीत दुरुस्त करा.’ बस. ‘सॉरी’ एकदा म्हणालात तरी चालेल, तीनदा नको. ‘शिक्षकही माणूसच असतो’ हे प्रवचन तर अजिबात नको. मुलांना ते माहीत असतं. वह्या उघडल्या जातील, खोडरबर फिरेल, आणि त्या आवाजातच कुणीतरी म्हणेल, ‘सातच?’

तुमचा पाठ त्या ‘सातच’पासून सुरू होतो. मुलांना सातजण कोण ते सांगा : चौघे बनावट हुंड्यांच्या प्रकरणातले, दोघे वेडे ठरवून ठेवलेले, आणि एक उमराव, ज्याला त्याच्या घरच्यांच्याच विनंतीवरून डांबलं होतं. यातला एकही क्रांतिकारक नाही. मग वर्गाला विचारा, या सातजणांसाठी हजारभर माणसं तोफांच्या तोंडी का गेली असतील? आणि थांबा. तीन सेकंद नव्हे, या प्रश्नाला दहा सेकंद.

उत्तरं येतील. ‘त्यांना माहीत नसेल सातच आहेत.’ ‘राजाला घाबरवायला.’ ‘आत खजिना असेल.’ शेवटच्या उत्तरावर सगळे हसतील, पण तेच सगळ्यात जवळचं आहे. आत जे होतं ते हवंच होतं त्यांना, ती होती बंदुकीची दारू. त्याच सकाळी लोकांनी इनव्हॅलिड या लष्करी इमारतीतून हजारो बंदुका उचलल्या होत्या, पण दारूशिवाय बंदूक म्हणजे काठी. दारूची पिंपं बॅस्टिलमध्ये हलवलेली होती, अडीचशेच्या आसपास. पॅरिसभोवती राजाचं सैन्य गोळा होत होतं. पावाचे भाव चढलेले होते, कारण आदल्या वर्षी पीक बुडालं होतं. १३ जुलै १७८८ ची गारपीट तर फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी विसरणं शक्यच नव्हतं. आता ‘संतापलेले लोक’ हा शब्द जरा बाजूला ठेवून पाहा. भीतीही होती, भूकही होती, आणि अगदी व्यवहारी हिशोबही होता.

मग बॅस्टिलचा एवढा तिटकारा का, हे कुणीतरी विचारेलच. नाही विचारलं तर तुम्ही विचारा. राजाच्या सहीच्या एका पत्रावर, खटला न चालवता, माणसाला आत टाकता येत असे. त्या दिवशी आत किती होते यापेक्षा उद्या आपण आत असू शकतो, हे लोकांना जास्त टोचत होतं. बघा, सातने पाठ मोडला नाही, उलट त्याला पाया मिळाला. ‘शेकडो’वर हे काहीच उभं राहिलं नसतं, कारण शेकडो कैदी म्हटल्यावर ‘का’ विचारायची गरजच उरत नाही.

वेळ उरला तर एक गंमत ठेवते हाताशी. सोळाव्या लुईची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात १४ जुलै १७८९ ला एकच फ्रेंच शब्द आहे, ज्याचा अर्थ ‘काही नाही’. हे फळ्यावर लिहा आणि विचारा, यावरून राजाबद्दल काय वाटतं? वर्ग तुटून पडेल. मूर्ख होता, बेफिकीर होता, राज्य बुडतंय आणि याला पत्ता नाही. बोलू द्या सगळ्यांना, फळ्यावर त्यांची विशेषणं लिहून घ्या. मग सांगा, की ही रोजनिशी मुख्यतः शिकारीच्या नोंदींची आहे. ‘काही नाही’ म्हणजे आज शिकार झाली नाही. यानंतर वर्गात जी शांतता पसरते ती ‘गप्प बसा’ म्हणून आणलेल्या शांततेपेक्षा निराळी असते, ऐकलीत की कळेल. कागद खरा, शब्द खरा, तारीख खरी, आणि तरी आपला अर्थ चुकला. कारण कागद कशासाठी लिहिला होता हे आपण विचारलं नाही. मग मुलांना फळ्यावरची विशेषणं पुन्हा वाचायला लावा आणि कुठली ठेवायची, कुठली पुसायची हे त्यांनाच ठरवू द्या. काहीजण ‘बेफिकीर’ पुसू देणार नाहीत. त्यांच्याकडे कारणं असतात, ऐका.

(जाता जाता : रंगवून सांगताना राणीचा ‘पाव नसेल तर केक खा’ हा किस्साही सांगून झाला असेल, तर सातच्या शेजारी तोही दुरुस्तीला घ्या. ती तसं म्हणाल्याचा त्या काळातला पुरावा नाही.)

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो खरं तर पहिला आहे. ‘मला असं अजून किती येत नसेल?’ पुष्कळ. माझ्या बाबतीत अजूनही पुष्कळ. सामाजिक शास्त्रं या नावाखाली आपल्या गळ्यात चार-पाच विषय एकदम पडतात, आणि पदवी फार तर एकाची असते. तुमची तर एकाचीही नाही, असं तुम्हाला वाटतंय. पण सॅम वाइनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास ऐका. त्यांनी इतिहासकारांना आणि शाळेतल्या हुशार मुलांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकीबद्दलचे तेच कागद वाचायला दिले. त्यातले काही इतिहासकार त्या काळाचे अभ्यासक नव्हते, म्हणजे माहितीत त्यांना मुलांवर फार मोठी आघाडी नव्हती. फरक पडला तो वाचण्यात. मुलं वरून खाली वाचत गेली. इतिहासकारांनी आधी तळाशी पाहिलं : कुणी लिहिलंय, कधी, कशासाठी? पाठ्यपुस्तकातला उतारा मुलांना सगळ्यात विश्वासाचा वाटला. इतिहासकारांना तसा वाटला नाही.

तुम्ही साहित्याच्या. कथेतला निवेदक कोण, तो काय लपवतो, हे विचारायची सवय तुम्हाला पदवीनेच लावली आहे. फळ्याकडे तोंड करून तारखा लिहिताना ती सवय तुम्ही दाराबाहेर ठेवून येता, एवढाच घोटाळा आहे. तेव्हा विषय चुकलेला नाही. तारखा वाढवा, वाचन वाढवा, ते करावंच लागेल. पण त्या सगळ्या येईपर्यंत मी अपुरी, असं धरून चाललात तर निवृत्तीच्या दिवशीही अपुऱ्याच असाल.

एक उदाहरण नागरिकशास्त्राचंही देते, कारण तो तास मेला की सगळ्यांत आधी शिक्षक कंटाळतो. ‘स्त्रियांचा मताधिकार’ असा पाठ आला की आपण व्याख्येने सुरुवात करतो. त्याऐवजी फळ्यावर दोन ओळी लिहा : न्यूझीलंड १८९३, स्वित्झर्लंड १९७१. मुलं उडतात. १९७१? चंद्रावर माणूस उतरून गेल्यावर? लगेच निष्कर्ष येतो, की स्वित्झर्लंडचे लोक मागासलेले होते. तिथे थांबवा आणि विचारा, निर्णय घेणारं कोण होतं? न्यूझीलंडमध्ये संसदेने कायदा केला, आणि त्यासाठी स्त्रियांनी हजारो सह्यांचा अर्ज नेऊन ठेवला होता. स्वित्झर्लंडमध्ये राज्यघटना बदलायला सार्वमत लागत होतं, आणि सार्वमतात मत द्यायचा अधिकार पुरुषांनाच होता. १९५९ ला पुरुषांनी ‘नाही’ म्हटलं, १९७१ ला ‘हो’ म्हटलं. मुलांना मताधिकार या शब्दाची व्याख्या मग आपली आपण करता येते, आणि ‘लोकांना विचारलं’ या वाक्यात ‘कुठल्या लोकांना?’ हा प्रश्न घुसतो. एकदा घुसला की निघत नाही. या पाठासाठी तुम्हाला स्वित्झर्लंडचा सगळा इतिहास यावा लागला का? दोन साल आणि त्यांच्यामागची पद्धत, एवढं नीट माहीत असावं लागलं.

आता निरीक्षकांचे तीन शेरे. फलक लेखनाचं झालं. ‘पाठ वेळेत पूर्ण नाही’ हा शेरा मात्र गांभीर्याने घ्या, निरीक्षक बरोबर आहेत. एका तासात तुम्ही कारणं, घटना, परिणाम असं अख्खं राज्यक्रांतीचं गाठोडं उचलायला गेलात. टाचण काढून बघा, हेतुकथनात ‘आणि’ किती वेळा आलाय. एका तासाला एक प्रश्न. ‘लोक बॅस्टिलला का गेले?’ एवढाच. बाकीचं पुढच्या तासाला, किंवा नियमित शिक्षक घेतील. अभ्यासक्रम एकट्या तुमच्या दोन आठवड्यांवर टांगलेला नाही.

आणि टाचणातला तो ‘विद्यार्थी प्रतिसाद’ रकाना! टाचणातले विद्यार्थी फार गुणी असतात. लक्षपूर्वक ऐकतात, अपेक्षित उत्तर देतात, वहीत टिपून घेतात. मी माझ्या हाताखालच्या छात्राध्यापकांना त्या रकान्यात रोज एक चुकीचं उत्तर लिहायला लावायची, आणि त्यापुढे आपण काय करणार तेही. सुरुवातीला सगळे कुरकुरायचे. आठवड्याभरात ‘सातच?’सारखी वाक्यं आधीच लिहून आणायला लागायचे. अगदी तंतोतंत येत नाही मुलांचं उत्तर, पण आपली मान त्या बाजूला वळलेली असते.

‘गोंधळ’ या शेऱ्याबद्दल मला पत्रावरून ठरवता येत नाही. खिडकीबाहेर बघत होते की एकमेकांशी भांडत होते, आणि भांडत असतील तर कशावरून? पुढच्या पाठाआधी निरीक्षकांना हे सरळ विचारा. विचारताना दुरुस्तीचा पाठ घेणार आहात हेही त्यांच्या कानावर घाला, टाचणात ‘मागील पाठातील दुरुस्ती’ अशी ओळ लिहूनच न्या. आयत्या वेळी वर्गात फळ्यावर ७ पाहून ते बुचकळ्यात पडायला नकोत. एखादे निरीक्षक म्हणतीलही, की मुलांपुढे चूक सांगितली तर वचक राहत नाही. तेव्हा वाद घालू नका, ‘पाच मिनिटांत आटपते’ म्हणा, आणि पाच मिनिटांतच आटपा.

त्या मुलीने परत हात वर केला आणि ‘सात हे कुणी मोजले?’ असं विचारलं, तर फळ्याचा उजवा कोपरा तयार ठेवा. आणि हो, तुमच्या पत्रात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘शेवटच्या बाकावरची मुलगी’च आहे. हजेरीपट वर्गशिक्षकांकडे असतो. त्या तासाआधी जाऊन तिचं नाव बघून या.